केसभर उजेड

बाहेरच्या उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आलेली... त्यामुळे जळगावच्या त्या दंतसाहित्याच्या दुकानात शिरताच डॉ. कुमुद समोरून येणाऱ्या तरुणावर आदळली! त्याच्या हातातले दातांचे साचे फरशीवर घरंगळले.

"माफ करा हं—" साचे गोळा करत ती म्हणाली आणि पर्समधला मोडका सांधा पुढे केला. "धुळ्याहून आलेय. हा सांधा मिळेल?"

तिचे पेशंट तोताराम आबा बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. मुंबईला असलेल्या मुलाने त्यांचा पुढचा दात तिथल्या डॉक्टरांकडून हाडात स्क्रू बसवून करवून दिला होता. स्क्रू आणि दात जोडणारा इवलासा सांधा मोडला, आणि ऐन लग्नसराईत आबांची क्लॅरिओनेट मुकी झाली. मूळ कंपनीचा सांधा यायला महिना लागणार होता.

"दुसऱ्या कंपनीचा आहे," तो तरुण, दुकानदाराचा मुलगा हेमराज, म्हणाला. "अगदी तसाच."

"तसाच... की तसा दिसणारा?"

तो हसला. "हे आजवर कुणी विचारलंच नाही! बघायचं?"

मोडक्या सांध्याचं खालचं टोक शाबूत होतं. नमुन्याच्या स्क्रूवर त्याने आधी ते बसवलं, मग नवा सांधा. भिंग एकच, दोन डोकी त्यावर वाकली. कूलरमधल्या वाळ्याचा ओला गंध... आणि कानाशी त्याचा रोखलेला श्वास. जुन्याला फट दिसेना. नव्याच्या कडेला मात्र केसभर उजेड!

"काही कंपन्यांचे छान बसतात," हेमराज हळूच म्हणाला. "हा नको. हलत राहिला तर खालचा स्क्रूही जाईल."

"तुमचं गिऱ्हाईक गेलं की!"

"गेलं?" त्याने वर पाहिलं. "जाऊ नये, असं वाटतंय..."

दोनच दिवसांनी तो धुळ्याच्या दवाखान्यात हजर! नाशिकच्या एका डॉक्टरांकडून मूळ सांधा मिळवून आणलेला. कुमुदने दात बसवला. आठवड्याने आबांनी तिथेच क्लॅरिओनेट ओठांना लावली आणि एक लांब सूर काढला. विचारपूस करायला हेमराज आलेला होताच.

"बठ्ठं बराबर शे!" आबा खूश झाले. मग हेमराजकडे बघत मिश्कीलपणे म्हणाले, "हाऊ पोऱ्या कोन शे, डॉक्टरीनबाई?"

कुमुद लाजून बेसिनकडे वळली. आबा हसत निघून गेले.

"तुमची एसटी गेली असेल," ती पाठमोरीच म्हणाली.

"गेली. खिडकीतून दिसली."

"मग धरली का नाही?"

"तुमचे हात धुवून व्हायचे होते ना अजून..."

तिने नळ बंद केला.

"ते केव्हाच झाले होते," ती म्हणाली, आणि ओला हात तसाच त्याच्यापुढे केला.