सोड म्हणेपर्यंत

वीज येईपर्यंत सांगतो. ही हकीकत मी माझ्या लोककथांच्या संग्रहात घातलेली नाही. रफिक माझा मित्र होता, आणि मित्राच्या दुःखाचं वर्गीकरण करणं मला जमलं नाही.

बावीस जानेवारी १९९८, गुरुवारची रात्र. चंदगडकडचा बसाप्पा वडिलांच्या वेळचा, लांब नाकाचा ट्रक घेऊन रफिकच्या कोल्हापुरातल्या गॅरेजात आला होता. ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळत होता, आणि सकाळी त्याच ट्रकमधून पुतणीचं वऱ्हाड घाट उतरणार होतं. रफिकनं नवा सिलिंडर बसवला. उरलं होतं ते नळ्यांतली हवा काढणं.

हे काम एकट्याचं नव्हे. एकानं केबिनमध्ये पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकापाशी आडवं होऊन निपल, म्हणजे हवा काढायचा बारका स्क्रू, सैल करायचं, हवा जाऊ द्यायची, पुन्हा आवळायचं आणि मगच ‘सोड’ म्हणायचं. त्याआधी पाय उचलला, की हवा पुन्हा आत शिरते. वर्षानुवर्षं पेडलवर त्याची बायको शमशाद बसे. अंगानं लहान, पाय पुरावा म्हणून पाठीशी पोत्याची घडी ठेवी. रफिक खालून विचारायचा, झोपलीस काय? ती म्हणायची, “धरलंय वो. तुमचंच हात चालंनात.”

त्या रात्रीच्या महिनाभर आधी ती गेली. शेवटच्या तापात तिचा पाय खाटेच्या दांडीला रेटलेला होता आणि ती पुन्हा पुन्हा विचारत होती, “धरलंय... सोडू?” रफिकच्या तोंडून तो शब्द निघाला नाही.

त्या रात्री पेडलवर उंचापुरा बसाप्पा होता. तीन चाकं झाली. चौथ्या, मागच्या चाकापाशी रफिकनं हाक दिली, “धर.” पेडल दाबलं गेलं. बुडबुडे आले, मागून स्वच्छ तेल. त्यानं निपल आवळलं.

तेवढ्यात फाटकातून बसाप्पा म्हणाला, “मिस्त्री, च्या आणलाय. थांबा, बसतो पेडलवर.”

रफिक तसाच पडून राहिला.

डोक्यावर ब्रेकचा लाल दिवा जळत होता. पेडलवर पाय असल्याशिवाय तो जळत नाही.

बसाप्पा चहा घेऊन शेजारी उभा होता. केबिनमध्ये कुणी नव्हतं.

दिवा... जळतच राहिला.

रफिकला कळलं. ‘सोड’ म्हटलं नाही, तर ती राहणार होती. इथंच. तशीच, पाय ताणून...

चहा निवला.

“दमली असशील,” तो म्हणाला. “सोड, शमशाद.”

दिवा विझला.

मृताची इच्छा अपुरी राहते म्हणून तो परततो, असं आम्ही अभ्यासक लिहितो. तिची इच्छा काय होती, मला ठाऊक नाही.

बसाप्पा केबिनमध्ये चढला, तेव्हा सीटच्या पाठीशी पोत्याची घडी होती. त्यानं ती ठेवलेली नव्हती. वऱ्हाड सुखरूप उतरलं. घडी त्यानं काढली नाही. २००४ साली मला भेटला तेव्हाही तो छाती स्टिअरिंगला टेकवून, अवघडून ट्रक चालवत होता. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, “असू दे की, गुरुजी.”

तो उतरल्यावर मी पाहिलं. घडीच्या मधोमध एका लहानशा पाठीचा खळगा होता. त्याच्या रुंद पाठीनं सहा वर्षांत तो मोडला नव्हता.