उतरेपर्यंत पुरेल

२०१९ सालचा जानेवारी महिना. नुकतीच संक्रांत होऊन गेली होती. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मी आणि माझा धाकटा भाऊ बापूसो हैदराबादला निघालो होतो.

हे मी स्वतः बघितलेलं आहे. ऐकीव नाही. पटत नसेल तर म्हातारीला भास झाला म्हणा. माझा मुलगा ऋषभही आधी तेच म्हणायचा.

आता म्हणत नाही.

बापूचं जयसिंगपुरात भांड्यांचं दुकान. माणूस तोंडाचा फटकळ. एकुलती एक मुलगी, ऐश्वर्या. तिनं समाजाबाहेर लग्न केलं आणि हैदराबादला गेली. बापूनं तिच्याशी बोलणं टाकलं. कित्येक वर्षं एक शब्द नाही.

आदल्या दिवाळीत तिचा फोन आला. बापूनं उचलला आणि काही न बोलता नुसता ऐकत बसला.

फोन ठेवून मला म्हणाला, "अक्का, आवाज तसाच हाय गं तिचा. मला जायचं हाय. तू संगं चल. मला एकट्याला पहिला शब्द सुचायचा न्हाय."

म्हणून मी निघाले.

विमान दुपारचं होतं. आलंच उशिरा. मग काहीतरी बिघाड म्हणाले आणि आम्हाला बसवून ठेवलं. काचेतून विमान दिसत होतं. लहानसं, पंख्यांचं. खिडक्यांच्या कडा पिवळ्या पडलेल्या.

माझा ऋषभ बंगळूरला विमानं दुरुस्त करणारा इंजिनिअर आहे. मी त्याला फोन लावला.

"ऋषभ, हे विमान फार जुनं दिसतंय रे."

"आई, विमानाचं वय नाही बघायचं, देखभाल बघायची. इंजिन, चाकं, पत्रा, सगळं ठरल्या वेळी तपासतात. खराब झालं की बदलतात."

"सगळंच बदलतात, मग जुनं काय राहतं?"

तो हसला. "खुर्च्या राहतात कधीकधी. चांगल्या असल्या तर मोडीत निघालेल्या विमानातल्यासुद्धा आणून बसवतात. तू निवांत जा."

बापूनं माझ्या हातातून फोन घेतला. "भाच्या, तुझी आई विमानाची जन्मपत्रिका मागाय लागलीया."

तेव्हा कोल्हापुरात रात्री विमान उडायची सोय नव्हती. दिवस मावळायच्या आत निघायचं, नाहीतर फेरी रद्द. हे कळल्यावर बापू म्हणाला, "बघ की. विमानानंबी तुझ्यागत नियम घेतलाय."

आम्ही जैन. लग्न झाल्यापासून माझा नियम आहे, सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही. बापूनंही मुनी महाराजांच्या समोर हाच नियम घेतला होता. दुकानाच्या धबडग्यात तो कधीच सुटला.

ऊन उतरू लागलं तसा बापू सारखं घड्याळ बघायला लागला. हातातली पिशवी घट्ट धरून बसला. आत नातीसाठी घेतलेला चांदीचा वाळा होता. त्या पोरीला त्यानं अजून बघितलंही नव्हतं.

"आज ऱ्हायलं तर मी परत न्हाय निघायचो अक्का," तो म्हणाला. "माझं मला ठावं हाय."

आणि अगदी शेवटी आम्हाला बोलावलं.

आमच्या खुर्च्या मागच्या बाजूला होत्या. इतरांपेक्षा वेगळ्या, जरा रुंद. हाताला पत्र्याचं एक छोटं झाकण होतं. मला ते ओळखीचं वाटलं. तरुणपणी मी एकदाच, ह्यांच्याबरोबर बेळगावहून मुंबईला विमानानं गेले होते. तेव्हा विमानात सिगारेट ओढायचे. राख टाकायला असं झाकण असायचं.

मी ते उघडलं.

आत राख नव्हती...

टॉफीचा एक कागद होता. बारीक घडी घालून ठेवलेला.

मी झाकण लावून टाकलं.

विमान पळायला लागलं तेव्हा उसाच्या रानांपलीकडे सूर्य टेकला होता. चाकं जमिनीवरून सुटली आणि तो बुडाला. मी हात जोडले. माझ्या लेखी दिवस संपला.

मग विमान चढत चढत वळलं. आणि खिडकीत...

बुडालेला सूर्य परत वर आला.

"अक्का," बापू म्हणाला, "वर अजून दिवस हाय."

त्याच वेळी ती आली.

मागच्या बाजूनं आली. हवाई सुंदरी. निळी साडी, मानेवर अंबाडा, हातात तबक. तबकात एका बाजूला टॉफ्या, दुसऱ्या बाजूला कापसाचे बोळे. जुन्या काळी असंच फिरवायचे. कानाला दडे बसू नयेत म्हणून कापूस, गिळत राहावं म्हणून टॉफी. मला काहीच वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की ही पद्धत अजून चालू आहे.

विमान हलत होतं. तिच्या हातातलं तबक हलत नव्हतं.

हे मला नंतर आठवलं.

मी एक टॉफी उचलली आणि कापूस घेऊन कानात घातला. बापू म्हणाला, "कापूस नको बाई. टॉफी दे."

ती वाकली. तिचं बोलणं कापसातूनही मला स्वच्छ ऐकू आलं.

"उतरेपर्यंत पुरेल."

एवढंच म्हणाली आणि ज्या बाजूनं आली त्याच बाजूला गेली. पुढच्या कुणाला तिनं काही दिलं नाही.

मी टॉफी रुमालात बांधली.

"खा की," बापू म्हणाला. "सूर्य समोर बसलाय."

"खाली मावळला तो मावळला."

"तुझा नियम काय जमिनीपुरता हाय व्हय?"

"घेतला तेव्हा मी जमिनीवरच होते."

तो खूप हसला. कागद सोडला, टॉफी तोंडात टाकली आणि कागदाची बारीक घडी घातली. मग हाताचं झाकण उघडून ती आत ठेवली.

आणि आवाज बंद झाला.

इंजिनाचा, माणसांचा, सगळा. मला वाटलं कापसामुळे. मी कापूस काढला... तरी काही नाही. बाहेर पंखा फिरत होता. पुढच्या माणसाचे ओठ हलत होते. बापू समोर बघत टॉफी चघळत होता.

किती वेळ ते सांगता येणार नाही. मग आवाज परत आला, जसा काही गेलाच नव्हता.

माझ्या हातातला कापूस पिवळा पडला होता. वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिल्यासारखा.

हैदराबादला उतरलो तेव्हा अंधार होता. सगळे उठले. बापू पट्टा लावून बसून राहिला.

"बापू, ऊठ. पोचलो."

"उतरू दे की आधी," तो शांतपणे म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. मी त्याचा पट्टा सोडला. दाराशी शर्टपँट घातलेली एक मुलगी उभी होती. तिला म्हटलं, "त्या साडीवाल्या बाई कुठं आहेत?"

ती म्हणाली, "आजी, आम्ही दोघीच आहोत. साडी कुणीच नेसत नाही."

"मग टॉफी कुणी दिली?"



बाहेर ऐश्वर्या लेकीला घेऊन उभी होती. बापू माझा खांदा धरून, पाय रोवत चालत होता. हलत्या विमानात चालतात तसा.

"अण्णा," ती म्हणाली आणि रडायला लागली. त्याचे पाय धरले.

बापूनं तिच्याकडे बघितलं. खिडकीतून बाहेर बघावं तसं.

"अक्का, ढग लई हायत," तो म्हणाला.

त्याचा गाल हलत होता.

डॉक्टर झाले. कान चांगले, डोकं चांगलं. तोंड उघडून बघितलं तर आत काही नव्हतं. मिटलं की गाल पुन्हा हलायचा. कुणी बोलायला गेलं की म्हणायचा, "उतरल्यावर बोलूया." माझ्याशी तेवढा बोलायचा, तेही ढगांबद्दल.

आम्ही रेल्वेनं परत आलो.

ऋषभनं चौकशी केली. विमानात काही दोष नव्हता. वय झालेलं, पण धडधाकट. कधी अपघात नाही, कुणी दगावलं नाही. फक्त मागच्या त्या दोन खुर्च्या कुठून आल्या, ते कुणालाच सांगता आलं नाही.

पुढे ते विमान मोडीत निघालं. खुर्च्या चांगल्या होत्या म्हणून काढून ठेवल्या. आता कुठल्या विमानात आहेत, माहीत नाही. ऋषभ अजून तीच नोकरी करतो. पण मला नवं विमान, जुनं विमान यातलं काही समजावत नाही.

ऐश्वर्या लेकीला घेऊन जयसिंगपूरला आली. दुकान तिनंच सांभाळलं. रोज सकाळी बापाजवळ बसून त्याच्याशी बोलायची. तो समोर बघत चघळत बसायचा. तिचे केस पिकायला लागले. नातीचा वाळा पिशवीतच राहिला आणि पोरगी मोठी झाली.

गेल्या मार्गशीर्षातली दुपार. मी तिथंच होते. बापूचा गाल थांबला.

"संपली," तो म्हणाला.

मग त्यानं मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरीकडे नीट बघितलं.

"ऐशू... कधी आलीस गं?"

"आत्ताच आले, अण्णा."

त्यानं तिचा हात धरला. तो हात आम्हाला नंतर सोडवावा लागला.

ऐश्वर्या आता तिथंच असते. दुकान चालतं.

माझी टॉफी अजून माझ्याजवळ आहे. टाकून द्यायचा धीर झाला नाही. कपाटात स्टीलच्या डबीत ठेवलीय. इतके उन्हाळे गेले, विरघळली नाही. मुंग्या लागल्या नाहीत. अधूनमधून मी डबी उघडून बघते. तेवढीच असायची.

परवा दुपारी बघितली.

कागद तसाच आहे, दोन्हीकडच्या पिळासकट...

आतली टॉफी लहान झालीय.

मी ती चाखलेली नाही.