ट्रेमध्ये झोपणारे

“शू-शीचा ट्रे या कोपऱ्यात!” ताईने फर्मान काढलं. ट्रेमध्ये कागदाच्या पट्ट्या, वर मूठभर गवत. आज दोन गिनीपिग घरी यायच्या होत्या, तांबू आणि कापशी.

“त्या शिकतील का गं?” गोलमटोल धाकट्या भावाने, म्हणजे बटाट्याने, विचारलं.

“तू नाही का शिकलास, उशिरा का होईना!” चुलतभाऊ म्हणाला. उठसूट वाद घालतो म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

हसतखिदळत तिघं पाळीव प्राण्यांच्या दुकानात पोहोचली, आणि हसू ओठांवरच विझलं. कापशी निपचित पडली होती. कापसासारखी पांढरी, कापसासारखी हलकी, आणि आता गार.

“थंडीने जाताहेत, एकामागून एक,” दुकानदारकाका म्हणाले.

उरलेले चौघे अंगाला अंग लावून पिंजऱ्यातल्या इवल्याशा ट्रेमध्ये कोंबून बसले होते. तांबूचं नाक वाहत होतं.

“संडासात कोण झोपतं?” वकील पुटपुटला.

“ज्याला घर सोसवत नाही तो,” ताई हळूच म्हणाली.

ट्रेमध्ये कागद होता, बाकी पिंजराभर लाकडाचा भुसा. बटाट्याने तो हुंगला. “ताई! आपल्या कपाटाला वाळवीचं औषध मारलं होतं ना, तसाच वास!”

“काहीतरीच! शेजारच्या सुताराचा ताजा भुसा आहे,” काका खेकसले. “कालची पोरं मला शिकवणार!”

ताईने वकिलाला घराकडे पळायची खूण केली आणि म्हणाली, “छे हो काका! आमच्या ट्रेची सवय तेवढी इथेच लावू द्या ना!”

वकील धावत घरून मोठा ट्रे घेऊन आला. तो आत ठेवला मात्र, चौघेही धडपडत त्यात शिरले!

“बघा काका, भुशावर कुणीच थांबत नाही!” वकील म्हणाला.

काकांनी भुसा नाकाशी नेला. चेहरा उतरला. त्यांनी सुताराला हाक मारली, “अरे, लाकडाला औषध मारतोस?”

“मारतो की! वाळवी लागायला नको!”

काकांनी सगळा भुसा बाहेर फेकला. मग पिंजरा धुतला, कागद अंथरला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. तपासून म्हणाल्या, “शाबास रे पोरांनो! तुम्ही होतात म्हणून हे चौघे वाचले.”

ताईचं लक्ष नव्हतं. ती कापशीला आपल्या रुमालात गुंडाळत होती.

संध्याकाळी तांबू घरी आली. सगळी खोली मोकळी, पण ती धावली ती थेट ट्रेमध्ये.

“तिथे शू करायची असते, वेडे!” बटाट्या म्हणाला.

“झोपू दे तिला,” ताई म्हणाली. “बाहेर भीती नाही, हे कळेपर्यंत.”

तांबू ट्रेच्या एका कडेला सरकून झोपली. शेजारी एकीपुरती जागा तशीच राहिली.