खळ्यावरचा पंखा

शहापूरहून मुरबाडला निघालेली एसटी किन्हवलीत पंक्चर झाली, म्हणून स्वरूप रुचिताच्या दुरुस्तीच्या दुकानात शिरला. बगलेत पत्र्याचा डबा, डब्याला जळका वास.

"काय जाळलंत?" रुचिताने मान वर न करताच विचारलं.

"मॉसफेट... चौथा." तो ओशाळून हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडते, हे मान वर केल्यावर तिला दिसलं — आणि ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

म्हशाजवळच्या त्याच्या गावात भात झोडून झालं होतं. वारा मात्र पडलेला. मग उफणायचं कसं? म्हणून स्वरूपने बॅटरीवरचा पंखा बनवला होता. त्याचा वेग कमी-जास्त करायला मोटर सेकंदाला हजारदा चालू-बंद करायची. ते काम मॉसफेटचं, म्हणजे एका इलेक्ट्रॉनिक स्विचचं. रविवारी पंखा खळ्यावर चालला, तर तो गावातच राहून असे पंखे बनवणार होता. नाहीतर सोमवारपासून भिवंडीच्या गोदामात नोकरी, असं त्याने आईला कबूल केलं होतं.

रुचिताने डबा उघडला. "मॉसफेटच्या गेटला, चालू-बंदच्या पायाला, एवढा मोठा रेझिस्टर कशाला?"

"जळू नये म्हणून. जळला की मी आणखी मोठा लावतो."

ती खळखळून हसली. "अहो, तोच तर जाळतोय!"

मग तिने पाण्याचा पेला पुढे ओढला. "गेट म्हंजे हा पेला समजा. भरला की मॉसफेट पूर्ण चालू, रिकामा झाला की पूर्ण बंद. दोन्ही वेळेला तो थंड. मधे रेंगाळला की तापतो. मोठा रेझिस्टर लावून तुमी थेंब थेंब भरताय."

"मग?"

"दोन छोटे ट्रान्झिस्टर लावा. एक झटक्यात भरील, दुसरा झटक्यात रिकामा करील. पुढं रेझिस्टर अगदी लहान... बावीस ओहमचा."

"द्या ना लावून."

"नाय. मी दाखवते, तुमी लावा. पंखा तुमचा हाय."

तो सोल्डरचे टाके घालू लागला. तिचा श्वास कानाजवळ आला, तसा सोल्डरिंग गनचा टाका भलत्याच जागी पडला.

"लक्ष कुठं हाय?"

"गन... गरम हाय."

"गरम टोकाला असते. तुमी मूठ धरलीय."

बाहेर एसटीचा भोंगा वाजला.

"गेली तुमची गाडी," ती म्हणाली. "दुसरी तासाभरानं."

"मग बरंच झालं की!" तो म्हणाला, आणि जाताना रविवारचं आमंत्रण देऊन गेला.

रविवारी दुकानाला कुलूप लावून रुचिता त्याच्या खळ्यावर पोचली. स्वरूपने बटण फिरवलं. पंखा घुमला, दाणे सरळ खाली पडले, फोलपटं लांब उडाली. अर्ध्या तासाने तिने मॉसफेटवर बोट टेकवलं. कोमट, इतकंच.

"आता भिवंडी नाय!" स्वरूप ओरडला.

त्याची आई वत्सलाबाई सूप खाली ठेवून जवळ आली. "ही कोन रे?"

"हिचं किन्हवलीला दुकान हाय. आणि आई... हिला लग्नाचं विचारायचंय. अजून विचारलं नाय."

"मग मला काय सांगतोस? तिला इचार!"

स्वरूप वळला. केसांत फोलपटं, कान लाल. "रुचिता... करशील माझ्याशी लग्न?"

"करीन," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "पण दुकान किन्हवलीतच राहील. पंखे तिथं बनवायचे. येशील?"

"आत्ता येतो!"

"आत्ता कुठं?" वत्सलाबाईने सूप रुचिताच्या हातात दिलं. "अर्धी रास बाकी हाय. लागा दोघंबी कामाला."

रुचिताने ओढणी कमरेला खोचली आणि त्याला हसून म्हटलं, "पंखा वाढव रे जरा."