आल्याच्या वाफ्यावरचा आरोप

चहा पुन्हा नासला!

चंद्रावरच्या वसाहतीत खटपट्या हा यंत्रमानव चहा गाळता गाळता थबकला. गाळणीत पांढऱ्या गुठळ्याच गुठळ्या!

"दोष आल्याचा," वसाहतीच्या प्रमुख वैजूकाकू कडाडल्या. "पृथ्वीवरून आणलेली सुंठ होती तोवर दूध कधी फाटलं नाही. शलाकाच्या वाफ्यातलं ताजं आलं घालायला लागलो आणि हे सुरू झालं. संध्याकाळी तो वाफा उपटा आणि बटाटे लावा!"

सुरकुतलेल्या आल्याचा एक तुकडा पुरून शलाकाने तो वाफा वाढवला होता. पण रडत बसेल तर ती शलाका कसली! तिने तडक आजोबांची प्रयोगशाळा गाठली. आजोबा मोठे रसायनशास्त्रज्ञ, पण आयतं उत्तर देण्यात महाकंजूष.

"आरोप आहे ना? मग तपास कर," ते म्हणाले. "माझ्या वाटणीचं भुकटीचं दूध घे."

शलाकाने दोन पेल्यांत साखर घातलेलं गरम दूध ओतलं. एकात आल्याचा रस घातला, दुसऱ्यात काहीच नाही. थोड्या वेळाने रस घातलेलं दूध घट्ट झालं.

"म्हणजे आलंच गुन्हेगार!" तिचा चेहरा पडला.

"गुन्हेगार सापडला. पण त्याला आवरता येतं का, ते कुठे पाहिलंस?" आजोबा म्हणाले. "आल्यात एक विकर (सजीवांमधली रासायनिक कामं झटपट उरकणारं प्रथिन) असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं, मग ती एकमेकांना चिकटतात. दूध चांगलं तापलेलं, पण उकळलेलं नसेल, तेव्हा त्याला भलताच जोर चढतो."

"आणि खटपट्या वीज वाचवायला सगळं एकदम घालून मंद आचेवर ठेवतो!" शलाका ओरडली. "पण आलं आधीच उकळलं तर?"

"उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होतं का?"

शलाका विचारात पडली. अंड्यातही प्रथिनंच. उष्णतेने त्यांची घडण बिघडते, ती कायमची. म्हणजे उकळलेल्या विकरालाही काम जमणार नाही! सुंठीतल्या विकराचा जोर तर वाळवण्या-साठवण्यातच ओसरला असणार.

संध्याकाळी तिने आधी नुसत्या पाण्यात आलं खळखळून उकळलं. मग पत्ती, साखर आणि सगळ्यात शेवटी दूध. मग चहा गाळला. गाळणीत पत्ती आणि आल्याचा चोथा उरला, गुठळी एकही नाही.

वैजूकाकूंनी घोट घेतला. "चहा फक्कड झालाय. पण बटाट्यांनी पोट भरतं, बाळा."

मग शलाकाने सकाळचा घट्ट झालेला पेला पुढे केला. काकूंनी चमचाभर चाखलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"खरवस? इथे ना गाय, ना चीक!"

"खरवसासारखा. हा आपल्या गुन्हेगाराने केलाय, काकू."

काकूंनी पेला निपटून खाल्ला आणि खटपट्याला हाक मारली. "बटाटे दुसरीकडे लाव रे. आल्याच्या शेजारी आणखी एक वाफा खण, आल्याचाच!"