फक्त ती धूसर

माणसाने सत्याकडे थेट डोळ्यांनी पाहावं, असं माझं ठाम मत आहे. माझ्या चष्म्याचा नंबर उणे सात असल्यामुळे या मताची कधी परीक्षा झाली नव्हती.

औषधांच्या कारखान्यात मी बाटल्यांची तपासणी करतो. पट्ट्यावरून बाटल्या सरकत जातात आणि केसाएवढी चीर दिसली की मी ती बाटली बाजूला काढतो. तोंडावर मास्क सक्तीचा झाला, तेव्हापासून चष्म्यावर वाफ धरू लागली आणि साहेबांनी लेन्स घ्यायला सांगितलं. बायकोला हे कळलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"घ्या," ती म्हणाली. "बाटल्यांचं नशीब. इतकी वर्षं झाली, माझ्याकडे असं निरखून कोणी पाहिलं नाही."

"अगं, बघतो की."

"लेन्स घेऊन बघा. नाहीच जमलं तर मी ताईकडे जाते. कायमची. भांडून नाही, सरळ जाते."

ती धमकी नव्हती. बॅग माळ्यावरून आधीच खाली आली होती.

लेन्सच्या दुकानातल्या बाईंनी मला लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं. हात धुवा, कोरडे करा. लेन्स बोटाच्या टोकावर धरा. वाटीसारखी दिसली तर सुलट, कडा ताटलीसारख्या पसरल्या तर उलट. नेहमी उजवी आधी. काढल्यावर तळहातावर द्रावणात हलकेच चोळा. नळाचं पाणी लावू नका, शिळ्या द्रावणात ताजं मिसळू नका, घालून झोपू नका. एका पाकिटात सहा जोड्या, प्रत्येक जोडी महिनाभर. मी सगळं पाठ केलं. नियम पाळण्यात मला पहिल्यापासून गती आहे. आपुलकीचं काम निघालं की अडतं.

पहिल्या सकाळी लेन्स घातल्या आणि घर नव्याने दिसलं. पंख्याच्या पात्यावरची धूळ, फरशीतला बारीक तडा, भिंतीवरच्या घड्याळातलं कंपनीचं बारीक नाव. बायको चहा घेऊन आली. साडीच्या काठातला धागान् धागा दिसत होता. मानेच्या वर मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखा डाग होता.

लेन्स उलट बसली असेल म्हणून काढली, पाहिली, पुन्हा घातली. डाग तसाच.

"काय झालं?"

"काही नाही. सवय व्हायला वेळ लागतो म्हणे."

आठवडाभर मी सवय होण्याची वाट पाहिली. शेजारी, साहेब, दूधवाला, सगळे लख्ख दिसत. दूधवाल्याच्या नाकावरचे खड्डेसुद्धा. शेवटी बायकोला घेऊनच दुकानात गेलो. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ मी न अडखळता वाचली. मग तिला तक्त्याशेजारी उभं केलं.

"आता?" बाईंनी विचारलं.

"अक्षरं दिसतायत."

"आणि मॅडम?"

मी पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांत उजेड मारून पाहिलं. "लेन्स एकदम बरोबर बसल्यात, सर. लेन्स काही माणूस बघून काम करत नाही."

"यांचे डोळे करतात," बायको म्हणाली.

घरी येऊन मी लेन्स काढल्या आणि जुना चष्मा लावला. त्यातूनही डाग. तो लेन्सनंतर पडला की पहिल्यापासून होता, हे मला सांगता येईना.

एक उपाय उरला होता. जवळचं मला उघड्या डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, वीतभराच्या आतलं. मी चष्मा उतरवला आणि काढलेल्या लेन्स चोळायला घेतल्या. ती बघत होती.

"किती जपून चोळता हो. मला कधी इतका हलका हात लावला नाहीत."

मी लेन्स डबीत ठेवल्या आणि तिला जवळ ये म्हणालो. ती आली. श्वास गालावर लागला. ब्लाउजच्या गळ्याची शिवण दिसली, टाका न् टाका. त्याच्या वर काही नव्हतं.

"दिसतंय?"

"हो."

"माझ्या ओठावर एक व्रण आहे. लग्नाच्या आधीपासून. कुठल्या बाजूला?"

"डाव्या," मी म्हणालो.

ती मागे सरली. बॅगची चेन लावल्याचा आवाज आला.

मी खिडकीत उभा राहिलो. डोळ्यांवर ना लेन्स, ना चष्मा. रस्ता, झाडं, माणसं सगळं एकमेकांत कालवलेलं.

त्यात ती एकटी स्पष्ट होत चालली होती.

जितकी लांब जाई, तितकी स्वच्छ. खांद्यावरचा बॅगेचा पट्टा. कानामागची पांढरी बट.

कोपऱ्यावर ती वळली. चेहरा पूर्ण दिसला. व्रण उजवीकडे होता.

तिने माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी हात केला.

तिने मान पुढे काढली आणि डोळे बारीक केले. समोरचं नीट दिसत नसलं की माणूस करतो, तसे. तिला आयुष्यात कधी चष्मा लागला नव्हता.

पाकिटात पाच जोड्या शिल्लक आहेत. फोडलेलं पाकीट दुकानवाले परत घेत नाहीत.