फातुसेनावरचा फिका उजेड

कणसं पलटा रे कुणीतरी, करपतायत. आणि ते दार ओढून घ्या.

मेल्की तेफा माहीत आहे ना? सोएच्या बाजारात लग्नाचे फोटो काढतो तो. त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे ही. माझ्यासमोर बसून सांगितली त्यानं.

गेल्या सालची, ऑगस्टातल्या तेवीस तारखेची पहाट. अमावास्या होती. मेल्कीला ग्रहांचा भारी नाद. त्या दिवसांत गुरू आणि शुक्र पहाटे पूर्वेला वर-खाली दिसत. शिवाय उजाडायच्या बऱ्याच आधी आभाळात एक फिका, दुधट उजेड उभा राहतो, खाली रुंद आणि वर निमुळता. दिव्यांच्या गावात तो दिसत नाही. मेल्कीला ते सगळं एकाच फोटोत हवं होतं, म्हणून त्यानं फातुसेना टेकडी निवडली. पूर्व मोकळी, लांबवर एक दिवा नाही.

सोबतीला बायकोचा धाकटा भाऊ, सोलेमान.

"दाजी, दुसरी टेकडी नाही का?"

"का रे? रेड्याएवढा देह तुझा, आणि अंधाराला भितोस?"

"भितो कोण? वर गारठा असतो."

"मग सोपी दारूचे दोन घोट मार आणि बस मागं. बहिणीला सांगू का तुझी फाटली म्हणून?"

सोलेमान बसला. हसला मात्र नाही.

मेल्की पडला कुपांग शहराचा, लग्नानंतर इकडं आलेला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पंधराएक वर्षांपूर्वी, अशाच एका पहाटे, गावानं त्या टेकडीवर एका परक्या माणसाला दगडांनी ठेचलं होतं. रेडा चोरला म्हणून. नंतर रेडा ओढ्याकाठी चरताना सापडला. माणसाला तिथंच पुरलं आणि गावानं तोंड शिवून घेतलं.

वर पोचल्यावर मेल्कीनं तिकाटणं रोवलं, कॅमेरा आपोआप फोटो काढत राहील असा लावला. साडेचारच्या सुमारास तो उजेड उभा राहिला. वर गुरू, खाली शुक्र. मेल्की हरखून गेला.

खटक... कॅमेरा वाजला.

आणि सोलेमानच्या पाठीत दगड बसला.

"कोण आहे रे तिकडं?" मेल्की ओरडला. विजेरी फिरवली. गवत. नुसतं गवत.

खटक.

दुसरा दगड गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज मेल्कीनं ऐकला. तिसरा कानावर. रक्त मेल्कीच्या तोंडावर उडालं. दगड सगळीकडून येत होते, पण हातभर अंतरावरच्या मेल्कीला एकही लागत नव्हता.

"खाली पड! सोलेमान, खाली पड!"

तो पडेना.

गुडघा मोडलेला, तरी उभाच. दोन्ही दंड मागं खेचलेले. छाती पुढं. मेल्कीनं त्याच्या कमरेला मिठी मारून ओढलं. हलेना. मेल्की त्याच्यापुढं आडवा उभा राहिला, तर दगड त्याच्या काखेखालून शिरला आणि सोलेमानचा डोळा फोडून गेला.

"मी नाही मारलं!" सोलेमान किंचाळला. "आईशप्पथ... मी नाही मारलं... मी फक्त... धरलं होतं त्याला..."

दगड थांबले.

वारा थांबला.

मेल्की त्याच्याकडं बघत राहिला.

"कुणाला?"

सोलेमाननं तोंड उघडलं...

शेवटचा दगड तोंडावर आला. जबडाच गेला.

मग दंड सुटले. तो धाडकन कोसळला. पूर्वेला खरं उजाडायला लागलं होतं.

मेल्कीनं त्याला स्वतःच्या पाठीला बांधून मोटारसायकलवर इस्पितळात आणलं. जीव वाचला. डोळा गेला, आणि बोलणं गेलं ते गेलंच. पोलिसांनी मेल्कीलाच बसवून ठेवलं. टेकडीवर तिसरं कुणी नव्हतंच ना! कॅमेऱ्यातही नुसतं आभाळ.

पण डॉक्टरनं सोलेमानचा सदरा कापला आणि पोलिसाला जवळ बोलावलं. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ होते, मागून आवळलेले, कातडीत रुतलेले. मेल्कीचा पंजा त्यावर ठेवून बघितला. त्याची बोटं अर्ध्यावरच संपली.

"मग याला धरलं कुणी?" डॉक्टरनं विचारलं.

सोलेमाननं भिंतीकडं तोंड फिरवलं.

जखमा केव्हाच भरल्या. वळ अजून तसेच आहेत, ओले काळे. चर्चमध्ये येतो तेव्हा भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा घालतो बघा. आणि त्याच्या मागच्या बाकावर कुणी बसलं, की उठून जातो.